सूज विषाणूमुळे नव्हती

चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची फुप्फुसं तपासणं हे माझं काम. काही मुलांच्या फुप्फुसात जन्मापासून चिकट कफ साठत राहतो, कारण त्यांचं एक जनुक बिघडलेलं असतं. त्या जनुकाची धड प्रत श्वासनलिकेतल्या पेशींपर्यंत पोचवायला आम्ही निरुपद्रवी केलेला विषाणू वापरत होतो. पण औषध नाकातून दिलं की प्रत्येक उंदराचं फुप्फुस सुजायचं.

"शरीराला हा विषाणू सहनच होत नाही. काम थांबवावं लागेल," आमचे प्रमुख म्हणाले.

मी पंधरा दिवस मागून घेतले. तोवर आम्ही तुलनेसाठी काही उंदरांना नुसतं विकतचं सलाइन देत होतो, आणि त्यांना सूज येत नसे. आता विषाणू ज्या द्रवात ठेवायचो, तो नुसता द्रवच काही उंदरांना दिला. चौथ्या दिवशी पाहते तर त्यांचीही फुप्फुसं तशीच सुजलेली. म्हणजे दोष विषाणूचा नव्हता, द्रवाचा होता; त्यात जिवाणू शिरत असावेत. मला हायसं वाटलं आणि आधी हे न केल्याची लाजही वाटली.

द्रव तयार करणारे दादा चऱ्होलीचे. घरच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर ते इथे नोकरीला लागले होते. मी त्यांना विचारलं, "यात जिवाणू कुठून येत असतील?"

"गाळणी आमी दर खेपेला बदलतो, ताई. पर पाण्याची ती मागची नळी हाय ना, तिच्यात सुट्टीच्या दिवशी पाणी उभं राहतं. मी बोललो व्हतो, कुणी मनावर घेतलं न्हाई."

गाळणीत जिवाणू अडकतात, पण मेलेल्या जिवाणूंचे बारीक अंश आरपार जातात आणि फुप्फुस त्यांनीच भडकतं. दादांनी नळी काढून टाकली, नवी बसवली, सगळं पुन्हा बनवलं.

काही उंदरांना नवं औषध आणि काहींना नुसता नवा द्रव दिला. या वेळी त्यांच्या फुप्फुसांच्या काचपट्ट्यांवर मी फक्त आकडे लिहिले आणि त्या बाहेरून बोलावलेल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंपुढे ठेवल्या. त्या दुपारभर बघत होत्या.

"यातल्या औषध दिलेल्या उंदरांच्या पट्ट्या कुठल्या, ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"परत एकदा बघता?" प्रमुखांनी विचारलं.

"तीनदा बघितलं. सूज कुठेच नाही."

जनुक पोचलेल्या पेशी हिरव्या चमकतील अशी सोय आम्ही केली होती. मी दादांना बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

"ह्या समद्या हिरव्या आपल्या?"

"सगळ्या," मी म्हणाले.

मागे उभ्या प्रमुखांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहवालात नळीची गोष्ट यांच्या नावानिशी लिहा," ते मला म्हणाले, "आणि पुढच्या टप्प्याच्या तयारीला लागा."