फॉरेस्टरभाऊंची तोंडी इंग्रजी

इंग्रज देश सोडून गेल्यावर त्यांच्या भाषेवर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात आमच्या फॉरेस्टरभाऊंशिवाय दुसरा नसावा. मी तेव्हा मोहर्लीच्या शाळेत मास्तर होतो आणि भाऊ तिथल्या जंगलाचे फॉरेस्टर. रेंजर व्हायचं तर साहेबापुढे इंग्रजीत बोलून दाखवावं लागे. रेंजर झाले की चांद्याला बदली, राहायला क्वार्टर, आणि शाळेसाठी तिथे मामाकडे ठेवलेली एकुलती एक लेक पुन्हा आईबापाजवळ. एवढ्यासाठी भाऊंनी इंग्रजीला आणि इंग्रजीपायी आम्हा सगळ्यांना वेठीस धरलं होतं.

ते बैलांना 'प्लीज टर्न लेफ्ट' म्हणत. बैल आपल्या मनाने वळत, तरी भाऊ 'थँक यू' म्हणायला चुकत नसत. सागाच्या झाडावर हातोड्याने खूण करण्याआधी त्या झाडाची 'एक्सक्यूज मी' म्हणून परवानगी घेत. एकदा जेवताना म्हणाले, "सम मोअर डाळ, प्लीज." वाढायला बसलेल्या त्यांच्या पत्नीने, बाईंनी, पळी उचललीच नाही. "मराठीत मांगा, तवाच भेटन," त्या म्हणाल्या. भाऊ कोरडा भात गिळून उठले, पण मराठीत उतरले नाहीत. शाळा सुटली की मी साहेब व्हायचं, हे तर ठरलेलंच. शाळेला धड दार नव्हतं, म्हणून भाऊ बाहेरच्या खांबावर टकटक करून 'मे आय कम इन, सर?' विचारत. एकदा कंटाळून मी 'नो' म्हणालो, तर गृहस्थ उन्हात तसाच उभा. "मास्तर, खरा सायेब नाई मनला त काय करू?" त्यांना खरोखरच घोर लागला होता.

परीक्षा आली ती नेमकी मोहफुलांच्या दिवसांत. साहेबाचा मुक्काम जंगलातल्या रेस्टहाऊसवर, आणि सकाळी परीक्षाही तिथल्याच व्हरांड्यात. धीराला म्हणून भाऊंनी मला नेलं; मी पायरीवर बसलो. साग, बांबू, वणवा, भाऊ धडाधड बोलत सुटले. माझी छाती फुगली. मग साहेबाने विचारलं, तुमच्या जंगलातलं सगळ्यात मोठं शिकारी जनावर कोणतं?

भाऊ अडखळले. "सर, दॅट बिग वन."

"नेम?"

"स्ट्राइप्स, सर. व्हेरी बिग."

"बट द नेम?"

भाऊंना घाम फुटला. ते एकदा झाडीकडे बघत, एकदा साहेबाकडे. हे नाव त्यांनी माझ्यापुढे शाळेत कितीदा तरी घेतलेलं! शेवटी साहेबाने मान हलवून पेनाला टोपण लावलं.

परतताना माझा राग मावेना. "अहो भाऊ, टाय..." म्हणतोय तोच त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू मास्तर! बाया मोहा येचून राह्यल्या ना जंगलात. इथी त्याचं नाव नाई घेत. घेतलं का येते."

"पण इंग्रजीत घ्यायला काय हरकत होती?"

"त्याले सारं समजते," भाऊ म्हणाले. "अन् माही बायकोबी तिकडंच हाय."

मला हसायचं होतं, पण हसू आलं नाही. असा वेडा माणूस आपला स्नेही आहे याचा मला एकदम फार आनंद झाला.

ऊन चढल्यावर बाई डोक्यावर टोपली घेऊन आल्या. "झाले का पास?"

"पुढच्या साली," भाऊ म्हणाले. कारण सांगितलं नाही, आणि मलाही डोळ्यांनी दटावलं.

"म्हंजे यंदाबी पोरगी तिकडंच," एवढं बोलून बाईंनी मोहफुलं अंगणात पसरली. भाऊ शेजारी बसून त्यातला पालापाचोळा निवडू लागले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा ते हलकेच म्हणाले, "तू त घरी आली ना."

बाईंना वाटलं, विषय बदलायला काहीतरी बोलताहेत.