दुसरा मास्तर कशाला?

कर्जतच्या मराठी शाळेला दुसरा मास्तर मिळावा म्हणून आम्ही जी खटपट केली, तिचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. मी स्टेशनातल्या मालधक्क्यावर कारकून आहे. कुणाचे पोते चुकून राहिले आणि मालक न्यायला आला नाही, की ते आपोआप माझ्या कोपऱ्यात सरकते. या गोष्टीही तशाच सरकत आल्या. रोजनिशी लिहायची सवय आहे म्हणून त्या जशा घडल्या तशा टिपून ठेवल्या, एवढेच. गावात सांगतात त्या जास्त रंगतदार आहेत. या नुसत्या खऱ्या आहेत!

मी शाळा कमिटीवर कसा आलो, हाच पहिला किस्सा. दहिवलीचे रामजी पाटील कमिटीचे अध्यक्ष. कमिटीत अर्ज लिहिणारा कुणी नाही, म्हणून ते एक दिवस धक्क्यावर आले.

"कारकून, तुमचं अक्षर लय झ्याक. कंच्या शाळेत शिकलात?"

"कुठल्याच नाही. पोत्यांवरची नावे वाचत वाचत शिकलो."

पाटील एकदम खूश. "मंग तुमीच पायजे! शाळेत गेलेला मानूस उगा शाळेची बाजू घेतो."

* * *

शाळेत हेडमास्तर एकच, सबनीस मास्तर. ते कुणाचे हेड, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसे. रेल्वेमुळे गाव वाढले, गाव वाढले तशी मुले वाढली. चार इयत्ता एका खोलीत. तेव्हा मी कमिटीतर्फे पहिला अर्ज लिहिला. अक्षर असे काढले की मलाच तो पाठवू नये असे वाटले.

"मुलांची संख्या फार वाढल्याकारणे शाळेस आणखी एक जागा मंजूर व्हावी."

चार महिने काही नाही. मग एके दिवशी मोजणीचा माणूस साखळी घेऊन शाळेच्या दारात उभा! सरकार मेहेरबान झाले होते. शाळेला आणखी एक जागा मिळाली होती. कोंडवाड्याच्या शेजारी, चांगली लांबरुंद!

सबनीस मास्तर डोक्याला हात लावून बसले. पाटलांनी मात्र जागेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बसायला जागा झाली. आता बसनाऱ्याची जागा तेवढी मागा!"

पुढच्या अर्जात मी स्पष्ट लिहिले, की जागा म्हणजे जमीन नव्हे, नोकरीची जागा, म्हणजेच मास्तर. उत्तर आले, "आधी दिलेल्या जागेचा उपयोग काय केला, ते कळवावे."

उपयोग म्हशी करत होत्या. तसे कळवता येईना.

* * *

इथे गोविंदाची ओळख करून द्यायला हवी, कारण या सगळ्या खटपटीत आमचे गेले तर नुसते कागद गेले असते. त्याचा संसार जाणार होता.

गोविंदा आमच्या शाळेत उमेदवार मास्तर. उमेदवार म्हणजे काम पूर्ण आणि पगार पुढे कधीतरी. खालच्या दोन इयत्ता तोच शिकवी. जेवायला त्याला सात घरी सात वार लावून दिले होते. आमच्याकडे त्याचा बुधवार. लग्न झालेले, पण बायको खोपोलीला माहेरी. सासऱ्यांचा निरोप होता, की जावयाची जागा पक्की झाल्याशिवाय मुलगी नांदायला यायची नाही. येत्या चैत्रापर्यंत वाट बघू, नाहीतर जावयाने आमच्या दुकानात येऊन तागडी धरावी.

गोविंदाला तागडी धरायची नव्हती. त्याला शिकवायला आवडे. शाळेत पोटावारी राहणारा माणूस असा असायचाच.

एकदा सासरे स्वतःच चौकशीला कर्जतला आले. वाटेत नेमके पाटील भेटले. सासऱ्यांनी विचारले, "आमच्या जावयाची जागा पक्की झाली का हो?"

पाटील भोळेपणाने म्हणाले, "एकदम पक्की! साखळी लावून मोजून घेतलीया. चला, दावतो."

आणि कोंडवाड्याशेजारी नेऊन उभे केले.

सासऱ्यांनी जागा पाहिली. जागेवरच्या म्हशी पाहिल्या. मग पागोटे सारखे करून म्हणाले, "छान आहे. पण आमची मुलगी माणसांत वाढली आहे." आणि आल्या पावली परत गेले.

* * *

शाळा तपासायला वर्षातून एकदा डिपुटीसाहेब येत. मास्तराची गरज आहे की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरे. त्या दिवशी गोविंदाला गावाबाहेर धाडावे लागे. खात्याच्या कागदावर नसलेला मनुष्य वर्गात सापडला तर सबनीस मास्तरांना जाब द्यावा लागला असता.

पहिल्या वर्षी साहेबांनी विचारले, "हेडमास्तर, चार इयत्ता एकट्याने कशा शिकवता?"

खरे म्हणजे इथे मास्तरांनी नुसता कपाळाचा घाम पुसायचा होता. तसे ठरले होते. पण चार लोकांसमोर कुणी "कसे शिकवता" असे विचारले, की सबनीसांच्या अंगात येते! त्यांनी चौथीला शुद्धलेखन सांगायला सुरुवात केली, उजव्या हाताने तिसरीच्या पाट्या तपासल्या, डाव्या हाताच्या छडीवर दुसरीचे पाढे ताल धरून म्हणवले आणि पहिलीवर एक डोळा असा रोखला, की पहिली श्वास घ्यायला विसरली.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी शेरा लिहिला, "असा मास्तर मी पाहिला नाही. दुसऱ्याची बिलकुल आवश्यकता नाही."

सबनीसांनी हा शेरा महिनाभर गावात ज्याला त्याला वाचून दाखवला. फक्त पहिले वाक्य. शेवटी पाटलांनीच त्यांना गाठले.

"मास्तर, तुमी शिकवाया नवतं, दमाया पायजे व्हतं!"

* * *

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवले, की यंदा नापास व्हायचे. मुले नापास झाली, की मास्तर कमी पडतो हे आपोआप सिद्ध! सबनीसांना हे पचेना, पण पाटलांनी शपथ घातली. मुलांना बजावले, की साहेबांनी काहीही विचारले तरी तोंड उघडायचे नाही. गोविंदाला सांगताना तर मलाच कसेसे झाले.

"गोविंदा, महिनाभर जरा वाईट शिकव."

तो म्हणाला, "काका, तसं मला कुणी शिकवलं नाही."

साहेबांनी दुसरीला विचारले, "सात पाचे?"

सगळे गप्प. पुन्हा विचारले. पुन्हा गप्प. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. दुसऱ्या ओळीतला एक चिमुरडा लालबुंद झाला. त्याला ते आत धरवेना. शेवटी फुटलाच,

"पस्तीस! पन सांगायचं नाय म्हनलंय!"

त्या वर्षीचा शेरा मी इथे देत नाही. एवढेच सांगतो, की ज्या मास्तराला एक शाळा सांभाळता येत नाही, त्याच्या हाताखाली दुसरा मास्तर देऊन त्यालाही बिघडवू नये, असा त्याचा आशय होता.

म्हणजे मुले पास झाली तर मास्तर पुरतो, आणि नापास झाली तर मास्तर लायक नाही! यातून वाट कुठून काढायची, ते खात्याने अजून कळवलेले नाही.

* * *

मग वरून विचारणा झाली, की मुलांची संख्या खरोखर किती, ते दाखवा. पाटील म्हणाले, "ते माज्याकडं लागलं!" आणि लावणीच्या ऐन गडबडीत त्यांनी शाळा ठासून भरवली. पडताळा घ्यायला कचेरीतला एक कारकून आला होता. पहिलीच्या शेवटच्या ओळीत एक भलामोठा गडी मांडी घालून बसला होता.

"नाव काय?"

"धर्मा."

"इयत्ता?"

"पयली."

"वय?"

धर्माने पाटलांकडे पाहिले. पाटील खिडकीबाहेर पाहत होते. मग धर्मानेच विचारले, "पोराचं सांगू, का माजं?"

नंतर पाटलांनी त्याला फैलावर घेतला, तर तो म्हणाला, "पोरगं लावनीत हाय. तुमीच म्हनला घरटी एक धाडा!"

* * *

पुढचा अर्ज माझ्या हुशारीचा. कर्जतला गाडी आली, की घाट चढण्यासाठी तिला मागून आणखी एक इंजिन लावतात. हे मी रोज पाहतो. मी लिहिले, की चार इयत्तांची ही गाडी एका इंजिनाने घाट चढत नाही, सबब मागून दुसरे इंजिन जोडून द्यावे. सबनीसांना उपमा इतकी आवडली, की त्यांनी ती चौथीला शुद्धलेखनाला घातली.

उत्तर लवकर आले. खात्यातही कुणी रेल्वेने फिरणारा असावा.

"घाट चढून झाल्यावर मागचे इंजिन परत येते, असे समजते. आपल्या शाळेचा घाट कधी संपतो ते कळवावे, म्हणजे तेवढ्यापुरती तजवीज करता येईल."

* * *

आता शेवटचा. चैत्र जवळ आला होता. खोपोलीहून निरोप आला होता, की दुकानात गादी घालून ठेवली आहे. आणि नेमके त्याच आठवड्यात नवीन डिपुटीसाहेब तपासणीला येणार, असे समजले. नेहमीप्रमाणे गोविंदाला सकाळीच बाहेर काढला.

साहेब कळंबची शाळा तपासून नेरळवरून बैलगाडीने येत होते. दहिवलीच्या अलीकडे त्यांना रस्त्याने एकटाच चाललेला तरुण दिसला. त्यांनी त्याला कर्जतची शाळा कुठे म्हणून विचारले आणि वाट दाखवायला गाडीत घेतले. तो गोविंदा! नाही म्हणायची सोय नव्हती.

गाडीत जे बोलणे झाले ते गाडीवानाने मला सांगितले, आणि गोविंदाने ते नाकारलेले नाही.

साहेब म्हणाले, "त्या शाळेला दुसरा मास्तर हवा, असे कमिटी सारखी लिहिते. तुम्ही तिऱ्हाईत माणूस. खरे सांगा, एक मास्तर पुरत नाही का?"

गोविंदाने आधी गाडीला नदी ओलांडू दिली. मग म्हणाला, "पुरतो, साहेब. दुसरा असला म्हणजे पुरतो."

गाडी शाळेपाशी आली. आम्ही हार घेऊन दारात उभे. साहेब उतरले, त्यांच्यामागून गोविंदा उतरला आणि सगळी शाळा ओरडली, "गोईंदा मास्तर आले!"

सबनीसांचा चेहरा पांढराफटक. घाईघाईने म्हणाले, "हा कोण? मी याला ओळखत नाही!"

"आसं काय वो मास्तर," पहिली कळवळून म्हणाली, "आपले गोईंदा मास्तर!"

साहेबांनी गोविंदाकडे पाहिले. "मघाशी तुम्ही म्हणालात दुसरा असला म्हणजे. तो दुसरा कुठे आहे?"

"आपल्याच गाडीतून आला, साहेब."

मला वाटले साहेब हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "हेडमास्तर, तुम्ही जरा बाहेर बसा. एकट्याला चार इयत्ता सांभाळता येतात की नाही, ते या गृहस्थांकडूनच बघू."

सबनीस, पाटील आणि मी बाहेर खिडकीपाशी उभे राहिलो. आत गोविंदाने शिकवायला सुरुवात केली. त्याने आरडाओरडा केला नाही, छडी तर उचललीच नाही. चौथीला उतारा दिला, पहिलीला अक्षरे गिरवायला लावले, दुसरीतल्या मुलांना जोडीजोडीने एकमेकांचे पाढे ऐकायला बसवले आणि तिसरीची बेरीज फळ्यावर घेतली. शाळा इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागले. ते समाधान मी ओळखत होतो. पहिल्या वर्षीच्या साहेबांच्या चेहऱ्यावर तेच होते.

पाटील माझ्या कानाशी पुटपुटले, "कारकून, पोरगं लय ब्येस शिकवतंय. बुडालो!"

एक मास्तर पुरतो, हे सिद्ध होत आले होते. मग दोघांतला एक गेला असता, आणि कागदावर नसलेलाच गेला असता. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

फळ्यावर अठ्ठेचाळीस आणि सदतीस मांडले होते.

"आठ नि सात?" गोविंदाने विचारले.

"पंधरा!"

"पाच लिहिले. चार नि तीन?"

"सात!"

"सात लिहिले. झाले पंचाहत्तर."

तिसरीत चुळबूळ झाली. मुले एकमेकांकडे पाहू लागली, पण मास्तरांना चूक कोण सांगणार? इतक्यात खिडकीच्या गजांतून सबनीसांनी अर्धे अंग आत घातले आणि शाळा दणाणून सोडली,

"अरे, हातचा! हातचा एक राहिला रे!"

साहेबांचा टाक थांबला. त्यांनी फळ्याकडे पाहिले, गोविंदाकडे पाहिले, मग खिडकीत अडकलेल्या सबनीसांकडे पाहिले.

"आत या, हेडमास्तर," ते म्हणाले. "हातचा बाहेर उभा करून बेरीज जुळत नसते."

दुसऱ्या मास्तराची जागा मंजूर झाली, गोविंदाच्या नावाने. सबनीस मास्तर अजून सांगतात, "त्या दिवशी आम्ही ओरडलो म्हणून! नाहीतर पोरगा सगळे घालवून बसला होता." गोविंदा शेजारी असला तर मान हलवतो.

चैत्रात त्याची बायको आली. तिची ट्रंक आमच्या धक्क्यावर उतरली, ती न्यायला तो आला. दोरी सोडवत होता. मी सहज विचारले, "गोविंदा, अठ्ठेचाळीस आणि सदतीस किती रे?"

"पंच्याऐंशी," तो वर न बघता म्हणाला. "का हो, काका?"