सुई सरांनी सांगितली

भेटल्याबरोबर सर समोरच्याची नाडी धरायचे. नमस्कार वगैरे नंतर. मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या माझ्यासारख्या पोट सुटलेल्या वकिलाचीही सुटका नसे. "लय जोरात पळती, वकीलसाहेब. तुम्ही मात्र पळत नाय," म्हणून ते मनगट सोडायचे.

मूळचे घोटीचे. नाशिकला धावपटू घडवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिकवतात जीव तोडून, पण उलट प्रश्न चालत नाही.

सुरगाण्याची एक मुलगी त्यांच्या घरीच राहून सराव करायची. स्पर्धेच्या तोंडावर तिचा गुडघा सुजला. सर तिला ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सुई टोचल्याशिवाय आपल्याकडे डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं वाटत नाही. "गोळ्या नको, सुईच मारा," सर म्हणाले. मुलीने मुकाट्याने टोचून घेतली.

ती पहिली आली. लघवीच्या तपासणीत सुईतलं स्टेरॉइड निघालं. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली उघडली, त्यातही तेच. पदक गेलं, दोन वर्षांची बंदी आली. दोन वर्षं घरी बसली तर घरचे तिचं लग्न उरकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अपील माझ्याकडे आलं. नियम कडक आहे. अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. बंदी कमी व्हायची तर ते अंगात गेलं कसं आणि त्यात तिचा दोष किती थोडा, हे पटवावं लागतं.

"मीच मारायला लावली, असं सांगतो," सर म्हणाले.

मी बजावलं, की खेळाडूला असं औषध द्यायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची बंदी जास्त मोठी आहे.

"तिचं पळायचं वय हाय. माझं काय!"

दिल्लीत अपील ऐकणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी मुलीला विचारलं, सुईत काय आहे हे डॉक्टरांना का विचारलं नाहीस? ती म्हणाली, "सर होते ना समोर." मी ते इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षांना कितपत कळलं, कोण जाणे.

तिची बंदी सहा महिन्यांवर आली. सरांवर वेगळं प्रकरण होऊन चार वर्षांची लागली. अपील त्यांनी करू दिलं नाही, घोटीला जाऊन भातशेती बघू लागले. मला त्यांचा रागच आला होता.

त्यांची बंदी संपल्यावर मी त्यांना परत आणायला गेलो. बोलता बोलता मुलीची गोष्ट सांगितली. नव्या प्रशिक्षकाने सर्दीची गोळी दिली, तर ती म्हणाली, "हिच्यात काय हाय, सर?" तो चिडला, तरी तिने घेतली नाही.



"मला विचारलं असतं," सर म्हणाले, "तर मी कानाखाली दिली असती." त्यांनी डोळे पुसले. "मी नाय येत, वकीलसाहेब."