जुबेदाखालाने सांगितलं नव्हतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला माझा आजार ठाऊक आहे, पण ही गोष्ट त्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आम्ही तेव्हा भिवंडीत, निजामपुऱ्यात राहायचो. भिंतीला भिंत लागून जुबेदाखालाचं घर, मागे त्यांचे लूम, कापडाचे यंत्रमाग. त्या खडखडाटात गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे, पण एक गोष्ट आमच्या घरात कुजबुजतच बोलली जायची — मला फिट यायची. औषध मुद्दाम ठाण्याच्या डॉक्टरांचं, गावात कळू नये म्हणून. बाहेरच्या एकाच माणसाला ते माहीत होतं. लहानपणी आई कामावर असताना मी पडले, तेव्हा पलीकडून खाला धावत आली होती. माझं डोकं मांडीवर घेऊन, पदराने तोंडाचा फेस पुसत बसली होती. पुढे किती वर्षं गेली — तिने कधी कुठे शब्द काढला नाही.

माझं लग्न ठरलं दापोड्याच्या मुलाशी. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तो क्लार्क होता. साखरपुडा झाला. बाबांनी बजावलं, लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पण मला तो आवडला होता — खरंच आवडला होता. आवडलेल्या माणसाला फसवून त्याच्या घरात कसं शिरायचं? मी खालाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सांग बेटा. पण तूच सांग. त्याला दुसऱ्याकडून कळायला नको."

दोन्ही घरची माणसं मिळून अकलोलीला गेली होती. बाकीचे जेवण मांडत होते, आम्ही दोघं कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. तिथे मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझा हात धरला आणि म्हणाला, बरं केलंस सांगितलंस. परतताना मला वाटत होतं, माझ्याइतकं सुखी कोणी नाही.

आठ दिवसांत मध्यस्थ घरी आला. मुलीला फिट येते असं कळलंय, लग्न मोडलं समजा. कोणी सांगितलं, बाबांनी विचारलं. मुलगा म्हणतो, शेजारून कळलं.

शेजारून? तो असं का म्हणाला, ते मला आजही माहीत नाही. जिने विश्वासाने सांगितलं तिलाच टाकलं, हे कबूल करायला लाज वाटली असेल. मला त्याचा भयंकर राग आला होता. पण राग त्याचा — आणि मी केलं काय? आई म्हणाली, "जुबेदाशिवाय ठाऊक होतं कोणाला?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. तेवढंच. पुढचं सगळं त्या खाली घातलेल्या मानेतून झालं.

लग्न का मोडलं ते गल्लीभर झालंच होतं; ते खोटं ठरवायला बाबांनी खालावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. वकिलाने मला पढवलं — आजार नाहीच असं सांगायचं, म्हणजे बाईने खोटी आवई उठवली असं ठरतं. भिवंडीच्या कोर्टात आधी तो मुलगा उभा राहिला. शेजारच्या बाईकडूनच कळलं, म्हणाला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग मी. खरं बोलेन अशी शपथ घेतली. वकिलाने विचारलं, काही आजार आहे का? मी म्हणाले, नाही. मग ही अफवा कोणी उठवली?

"जुबेदाखालाने."

नाव घेताना 'खाला' म्हणायला विसरले नाही — हे मला अजून टोचतं.

न्यायाधीशांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं, साहेब."

"मग कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. मी तिला विचारलं होतं, तिनेच मला सांग म्हटलं होतं. सगळं तिच्या ओठांवर होतं. ती म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही."

लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. तारखांना कंटाळून तिच्याच मुलांनी तिला माफी मागायला लावली, बाबांनी दावा मागे घेतला. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणाला जिला बोलावणं जायचं, तिच्यासमोर बायका बोलायच्या थांबल्या. पुढे माझं लग्न झालं. या वेळी आजार बाबांनीच आधी सांगितला, आणि काही बिघडलं नाही.

खाला गेली ती वयाच्या नव्वदीत. तोवर आई-बाबा दोघंही गेले होते. ज्याची भीती वाटावी असं एकही माणूस उरलं नव्हतं. मी मयतीला गेले. तिच्या मोठ्या सुनेने मला बायकांत जागा करून दिली, पाणी दिलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मनात काही ठेवू नका, ताई. अम्मी चांगली होती. एवढी एकदाच तिची जीभ घसरली."

तिच्या घरातही हेच मानत होते. इतकी वर्षं तिने त्यांनाही सांगितलं नव्हतं.

सून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो."