रांगेतली कळशी

निवडणूक संपली की घराघरात पत्रकांची रद्दी उरते. आमच्याकडे किस्से उरतात, आणि ते रद्दीवाला नेत नाही. म्हणून सांगून टाकते.

आमची मंडळी म्हणजे डोंबिवलीतली तीन डोकी आणि जवळच्याच दिवा स्टेशनच्या वस्तीतला संतोष. मी बँकेतून रिटायर झालेली, शेजारच्या कुलकर्णी वहिनी, आणि आमचे म्होरके देसाई सर, जुने शाळामास्तर. दर रविवारी माझ्या गॅलरीत चहा आणि देशाची चिंता. आम्ही स्वतःला पुरोगामी म्हणतो. बिल्डिंगमध्ये आम्हाला 'हरणारी पार्टी' म्हणतात.

सरांच्या मताची ख्यातीच तशी. त्यांनी मत दिलं की त्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलंच समजा. आपला माणूस निवडून येईपर्यंत पेढा खायचा नाही, असा त्यांचा जुना पण आहे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारलं तर म्हणाल्या, "डायबिटीस आहे हो त्यांना. पण तत्त्व म्हटलं की बरं दिसतं."

प्रचारात एकदा ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये गेलेलो. तिथले एक गृहस्थ लोकशाही धोक्यात आहे यावर इतकं सुंदर बोलले, की वहिनींनी डोळे पुसले. निघताना सहज विचारलं, मतदान कुठल्या शाळेत? तर त्यांचं नाव अजून नागपूरच्या यादीत, आणि एवढ्या उन्हात कोण जाणार! लिफ्टमध्ये सर म्हणाले, "धोक्यात आहे हे मात्र पटलं."

मतदानाच्या दिवशी दिव्यात वेगळीच गंमत. नेमका मतदानाच्या वेळेलाच पाण्याचा टँकर आला. संतोषच्या चाळीतल्या बायकांनी मोठे हंडे टँकरला लावले आणि लहान कळश्या शाळेच्या फाटकाबाहेर, मतदानाच्या रांगेत ठेवल्या. टँकरच्या रांगेत तसंच करतात, भांडं ठेवलं की नंबर लागला. इथेही रांग सरकली की मागची माणसं कळशी पायाने पुढे सरकवत होती. ड्युटीवरचा हवालदार बघतच राहिला. "ह्या कळशीचं नाव यादीत आहे काय?"

संतोषची आई ओल्या पदराने धावत आली. "नाव माझं हाय, साहेब. कळशीनं नुसता नंबर धरलाय."

एकीचाही नंबर गेला नाही. सर त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होते.

मग निकाल लागला. इथला आमचा उमेदवार पडला. देशात सरकार तेच आलं, पण स्वतःच्या बळावर नाही, दुसऱ्यांच्या कुबड्या घेऊन. मला मनापासून आनंद झाला होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं. वहिनींनी ग्रुपवर 'अभिनंदन' टाकून डिलीट केलं, मग 'धीर धरा' टाकून डिलीट केलं. शेवटी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, 'गुड मॉर्निंग'.

त्या रविवारी वरच्या मजल्यावरचे मोकाशी पेढे घेऊन आले. ते जिंकलेल्या बाजूचे, पण चेहरा एवढासा. सरांनी अभिनंदन केलं तर वैतागले. "कसलं अभिनंदन, सर? हरून तुम्ही खूश, आणि जिंकून आमचं हे असं!"

सरांनी एक पेढा उचलला. बराच वेळ हातात धरला आणि परत बॉक्समध्ये ठेवला. मोकाशी गेल्यावर म्हणाले, "यापुढे मला तुमच्यात धरू नका. गुडघे गेलेत. पुढच्या निवडणुकीला मी असेन, नसेन."

ऑपरेशन करून घ्या म्हणून काकू कित्येक वर्षं मागे लागल्या होत्या, ते ऐकत नव्हते. आणि सरांशिवाय आमची मंडळी म्हणजे नुसता चहा.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. मी ठरवलंच होतं, थांबायचं नाही. महापालिकेच्या मतदानाआधी दिव्यातल्या नव्या पोरापोरींची नावं नोंदवायची, कोणी आलं नाही तर मी एकटी जाईन, असं सांगून टाकलं. वहिनी लगेच हो म्हणाल्या. संतोष सरांच्या वेताच्या खुर्चीकडे बघत उभाच होता. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, जिना चढून धापा टाकत. पिशवीतून त्यांनी घरची पितळी कळशी काढली, गॅलरीत आल्या आणि ती सरांच्या खुर्चीवर ठेवली.

"उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ॲडमिट होतायत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय, नंबर धरून ठेवा."