घोणशीची ओटी

९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी. योगेशला पेट्रोलचे दोनशे चाळीस रुपये मी दिले.

खमरियात आमच्या शेजारी भानुमतीबाई राहतात. लग्न होऊन वर्ध्याकडून आल्या, त्याला चाळीसेक वर्षे झाली. नवरा इथल्या कारखान्यातून निवृत्त झाला, पण पंचमीला त्यांच्या घरी अजूनही तवा चढत नाही आणि विळी निघत नाही. त्या दिवशी अंगणातल्या विटांच्या ढिगाशी एक जाड, ठिपक्याठिपक्यांचा साप वेटोळे करून पडला होता. बाईंनी त्याला अजगराचे पिल्लू ठरवले आणि लांबूनच दुधाची वाटी सरकवली. मलाही तो अजगरच वाटला. पण संध्याकाळी त्यांची लेक वैभवी तान्हे बाळ घेऊन पहिल्यांदाच येणार होती आणि बाळाला उन्हात निजवायची जागा तीच. म्हणून मी योगेशला बोलावले. तो बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीत साप पकडतो.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आज काहून पकडता जी? पाहुणा आहे तो. दूध पिऊन राहिला."

"दूध तुमच्या मांजरीनं प्यायलं, मावशी. तिच्या मिशा पाहा," योगेश म्हणाला. त्याची काठी जवळ जाताच सापाने कुकरसारखा फूत्कार सोडला. "अजगर नाही, घोणस आहे. माणूस आला तरी सुस्त पडून राहते आणि पाय पडला की झटक्यात डसते. पोट पाहिलं हिचं? ही अंडी घालत नाही, पिल्लंच देते. वीस-तीस, जन्मतःच विषारी."

बाईंनी लांबूनच वाकून पोट पाहिले.

"म्हणजे बाळंतपणाला आली म्हणा."

"हो. इथंच करू द्यायचं का?"

"नाही रे बाबा, माझी पोरगी येऊन राहिली." त्या दारातून बाजूला झाल्या. "पण रिकामी नको धाडू."

योगेशने आकड्याने घोणस उचलून डब्यात सोडली आणि झाकण घट्ट लावले. बाईंनी झाकणावर हळदकुंकू वाहिले, तांदूळ आणि नारळ ठेवला. तांदूळ घरंगळले, ते वेचून पुन्हा ठेवले. "नारळ तू खा, भैया," त्या म्हणाल्या. वनखात्याला कळवून योगेश तिला भेडाघाटच्या पुढे जंगलात सोडून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ अंगणात, कोवळ्या उन्हात निजले होते. विटांचा ढीग गेला होता.

"पाठवणी माझ्या घरची, पैसे तुम्ही काहून दिले?" म्हणत बाईंनी मला दोनशे रुपये आणून दिले. चाळीस अजून येणे आहेत.