कोपऱ्यास डाग

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या बस स्टॉपपाशी केळीवाल्यानं परत दिलेल्या वीसच्या नोटेचा नंबर बघत होतो. ही सवय विलासनंच लावलेली. शोभावहिनी, म्हणजे विलासची बायको, फोनवर एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना अटॅक आला... गेले हो." मी नोट तशीच हातात धरून उभा. केळीवाल्याला वाटलं मी नोटेवर नाराज आहे. "काका, फाटकी आहे का? बदलून देऊ?" असं तो दोनदा म्हणाला, तेव्हा कुठं मी भानावर आलो.

आता काही आठवडे झाले त्याला. आम्हा नोटा जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. "विलासवर तूच लिही, तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?" म्हणून सगळे मागे लागले. मी लिहिलंही. चांगलं लिहिलं होतं... दिलदार, दर्दी, मित्रांचा मित्र, वगैरे. मग एक गोष्ट घडली आणि तो लेख मी फाडून टाकला. हा दुसरा आहे. यातही विलास दिलदार आहे, कारण तो तसा होताच. पण नुसता तेवढाच नव्हता, हे मला आता कळलंय आणि ते न लिहिता गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं. तो स्टोअरला, मी क्वालिटीला. माझे वडील देहूरोडला डेपोत होते, त्यामुळे मी इथलाच. विलास लातूरकडून आलेला. निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. पगार झाला की म्हणायचा, "मिलिंद, पैसे नको देऊस राव, नुसते नंबर बघू दे की." सुरुवातीला मला वाटलं, याचा एखादा स्क्रू ढिला आहे. नोटेवर अक्षरांनंतर सहा आकडे असतात, त्यांकडे आपण आयुष्यात कधी बघत नाही. हा मात्र त्यातच रमलेला. कुठं सहाच्या सहा आकडे सारखे, कुठं ओळीनं चढत गेलेले, कुठं डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, तेच. त्या शेवटच्या प्रकाराला तो 'उलटसुलट' म्हणायचा आणि त्यावर त्याचा सगळ्यात जास्त जीव. याशिवाय त्याचा एक उद्योग होता. ज्या नोटेचे सहा आकडे कुणाच्या जन्मतारखेशी जुळतील ती नोट तो त्या माणसाला देऊन टाकायचा. कँटीनचा आचारी, बसचा ड्रायव्हर, कुणीही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला त्यानं अशी दहाची नोट दिली, तर तो बिचारा आनंदाच्या भरात ती लॅमिनेट करून घेऊन आला! लॅमिनेट केलेली नोट आम्हा लोकांच्या लेखी मेलीच. विलासनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "लई भारी दिसायलीय." माझ्या जन्मतारखेची नोटही त्यानंच मला शोधून दिली. वर चहासुद्धा घेतला नाही.

तर अशा माणसाला मी एका रविवारी यमुनानगरला घरी आणलं. माझी बायको सुजाता बालवाडी चालवायची, तिची जीभ जरा तिखटच. पोहे देता देता तिनं विचारलं, "काय हो भावजी, माझ्या तारखेची नोट आहे का?" तारीख विचारली तर म्हणाली, सत्तावीस नोव्हेंबर बहात्तर. विलासनं समोरच्या पेपरच्या कडेला आकडे लिहिले, २७११७२, आणि ओरडलाच, "वहिनी, उलटं वाचा! तेच! तुमचा जन्मच उलटसुलट झालाय की!" सुजाता शांतपणे म्हणाली, "त्यात नवीन काय? मी पायाळू आहे. आई तेच सांगत आलीय." विलास इतका हसला की पोहे थंड झाले. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, तुमची नोट मी तुमच्या हातात देणार. माझा शब्द."

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. बँकेतून दहा-वीसची बंडलं आणायची, सतरंजीवर पसरायची आणि एकेक नोट डोळ्यांखालून घालायची. इतक्या नोटांतून नेमके तेच सहा आकडे मिळणं किती अवघड, हे आम्हाला कळत होतं. पण कळण्याचा आणि थांबण्याचा काही संबंध नसतो. सुजाता चहाचे कप ठेवायची आणि टोमणा मारून जायची, "लग्नात पाटल्या मागितल्या असत्या तर स्वस्तात सुटला असतात दोघंही." पण मनातून तिलाही नाद लागला होता. बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी हातातल्या नोटांचे नंबर बघायची. मी दिसलो की मान हलवायची... नाही.

मग नोटाबंदी आली. पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा बँकेत जाणार, तिथून कायमच्या नाहीशा होणार. माझा जीव वरखाली व्हायला लागला. सुजाताची नोट पाचशेत असेल आणि कुणाच्या तरी गठ्ठ्यातून जाऊन नष्ट झाली तर? तिचा वाढदिवसही त्याच महिन्यात. विलास म्हणाला, "कामून टेन्शन घ्यायलास? चल, रांगेतच जाऊ." आणि आम्ही खरंच गेलो. निगडीला बँकेबाहेर ही लांबलचक रांग. मी मागून सुरुवात केली, त्यानं पुढून. "जरा नंबर बघू का? फक्त बघतो, हात लावत नाही." लोकांनी आम्हाला चोर म्हटलं, सरकारी माणसं म्हटलं, एकानं तर कॉलर धरली. आज हसू येतं. म्हणजे परवापर्यंत यायचं.

त्या रांगेत तळवड्याची एक म्हातारी होती. तिची नोट देवाच्या डब्यातली, हळद लागलेली. मी लांबून बघत होतो. विलास तिच्यापाशी वाकून बोलला, मग खिशातून शंभराच्या पाच नोटा काढून तिच्या हातात ठेवल्या आणि तिची पाचशेची नोट घेतली. शंभराची नोट तेव्हा सोन्यासारखी होती, ती असलेला माणूस ती कुणाला दाखवतही नव्हता. "माजी येकच ऱ्हायली व्हती रं बाबा, आता हुबं ऱ्हायाला नगं," म्हणत म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि रांगेतून निघाली. हा माणूस आपला मित्र आहे, याचा अभिमान वाटला. विलास माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बास आता. काही मिळत नसतंय. चल, मिसळ खाऊ, पैसे मी देतो." मिसळीचे पैसे विलासनं दिल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. दुसऱ्या दिवशी रांगेत जाऊ म्हटलं, तर म्हणाला, पाय दुखायलेत. वाढदिवसाला सुजातासाठी मी साडी आणली. तोही आला, केक खाल्ला.

पुढं सुजाताच्या किडन्या गेल्या. चिंचवडला डायलिसिस सुरू झालं, शेवटी शेवटी दवाखान्यातच मुक्काम. मी गेलो की ती हात पुढं करायची. खिशातल्या नोटा तिच्या हातावर ठेवायच्या, ती चष्मा लावून एकेक बघायची आणि परत द्यायची. "नाही हो." औषधांनी तोंडाची चव गेली होती, जेवण जात नव्हतं, पण हा खेळ तिनं सोडला नाही. नोट सापडली की आपण बऱ्या होऊ, असं काहीतरी तिनं मनाशी धरलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. विलास दर आठवड्याला यायचा, नारळपाणी घेऊन. ती विचारायची, "भावजी, सापडली का?" तो तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "सापडंल, वहिनी. शोधतोय." तिच्या शेवटच्या आठवड्यातही हेच म्हणाला. मी पलीकडे उभा होतो. ती गेल्यावर माझ्या गळ्यात पडून रडला, "राहून गेलं राव, माझा शब्द राहून गेला." मीच त्याची समजूत घातली. पाठीवरून हात फिरवत होतो मी त्याच्या!

विलासच्या शोकसभेत बोलायला उठलो तेव्हा मी त्या तळवड्याच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. माझ्याकडे त्याच्या चांगुलपणाची तीच सगळ्यात मोठी गोष्ट होती. हॉलमध्ये लोकांनी डोळे पुसले. शोभावहिनी पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींनी चिखलीला घरी बोलावलं. अल्बम विकायचे होते, पुण्याचा व्यापारी बघायला येणार होता. "त्याच्याआधी तुम्ही बघा. आठवण म्हणून हवी ती एक ठेवून घ्या," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. उलटसुलट नोटांचा अल्बम मी आधी उघडला, कारण तो विलासनं मला कधी नीट बघू दिला नव्हता. हात लावलास की डाग पडतील, म्हणायचा. मधल्याच एका पानावर पाचशेची जुनी नोट. २७११७२. कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. खाली त्याच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'पाचशे. उलटसुलट. कोपऱ्यास डाग.'

बस्स, एवढंच. ना सुजाताचं नाव, ना तारीख. माझ्या बायकोचा जन्म त्याच्या लेखी कोपऱ्यास डाग असलेली एक उलटसुलट नोट होता. ती त्याच्या खिशात होती तेव्हा तो मला मिसळ खाऊ घालत होता. ती त्याच्या कपाटात होती तेव्हा तो तिच्या उशाशी बसून 'शोधतोय' म्हणत होता. असा केसानं गळा कापावा कुणी? त्यानं मला सांगायचं होतं, मिलिंद, सापडलीय, पण मला सोडवत नाही. मी शिव्या घातल्या असत्या. सुजाता हसली असती, म्हणाली असती, ठेवा भावजी तुम्हालाच, नुसती हातात घेऊन बघू द्या. मिनिटभर तिच्या हातावर ठेवायची होती. तेवढंही त्याच्यानं झालं नाही. ग्रुपमधल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, अरे, नोट दिली असती तर तुमचे रविवार संपले असते, म्हणून ठेवली असेल. ऐकायला गोड आहे. पण ती चिठ्ठी मी वाचलीय.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी ती नोट मागितली. "एवढ्या चांगल्या नोटा सोडून ही डाग पडलेलीच कामून घेताय?" मी म्हटलं, असू द्या. त्या दिवशी त्यांना सांगवेना. पण सभेत सांगितलेली गोष्ट तशीच राहू देणंही जमेना, म्हणून हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "छापा. पण माणूस वाईट नव्हता, हेही लिहा." लिहिलं, वहिनी.

नोट आता माझ्या कपाटात आहे. सुजाताच्या फोटोपुढं ठेवायची म्हणूनच आणली होती, पण हात पुढं होईना. ठेवली की तिचा पहिला प्रश्न असणार, कुठं सापडली? आणि तिला विलासभावजी फार आवडायचे. संध्याकाळी घरी आलो की खिशातल्या नोटा फोटोपुढच्या टेबलावर काढून ठेवतो, एकेक नंबर बघतो, ती दवाखान्यात बघायची तसा. सापडली का, असं ती विचारते. कपाटाकडं पाठ करून मी म्हणतो, "शोधतोय."